लूप लाइनवरच्या गप्पा

भुसावळ

भो,

तुझा मेसेज परवा वाचला. फोनवर उत्तर दिलं असतं, पण फोन हातात आला की मी उपदेश करत सुटतो असं घरचे म्हणतात. कागदावर निदान हात तरी दुखतो. तू लिहिलंस, ‘नाना, दोन दिवसांनी घरी येतो, पोरीला विचारतो शाळेत काय झालं. म्हणते, काही नाही. जेवलीस? हो. अभ्यास? झाला. मी बाप आहे की टीसी, तेच कळत नाही.’

टीसीच आहेस. मीही होतो.

मी इंजिनचा ड्रायव्हर आणि तू माझा असिस्टंट होतास, ती दीड वर्षं आठव. आपली मालगाडी सावद्याला, नाहीतर निंभोऱ्याला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घातली की तास-दोन तास हलायचं नाव नसायचं. मेनवरून एक्स्प्रेस धडधडत निघून जायच्या आणि आपण बसलेलो. त्या वेळात तू मला काय काय सांगितलंस! लग्नाच्या बोलणीत वडील अडून बसलेत, बहिणीचं सासरी पटत नाही, पहिल्या पगारातले किती पैसे कुणाला न सांगता मित्राला दिले. यातलं एकही मी विचारलं नव्हतं. दोघांची तोंडं काचेकडे, नजर स्टार्टरच्या, म्हणजे गाडी सोडायच्या सिग्नलच्या लाल दिव्यावर, मधे चहाचा थर्मास. तुला समोर खुर्चीवर बसवून विचारलं असतं, तर तूही ‘काही नाही, नाना’ म्हणाला असतास.

हे मला इंजिनात कळत होतं, घरात कळत नव्हतं. माझा पोरगा आठवीत होता. ड्यूटीवरून आलो की बूट काढता काढता माझा पहिला प्रश्न, ‘पेपर मिळाले का? किती पडले?’ त्या वर्षी त्याचे मार्क घसरत गेले. मी ओरडलो, दोनदा हात उचलला. मग त्यानं बोलणंच सोडलं. मी आलो की तो गच्चीवर.

मे महिना होता. आपल्याकडचा मे तुला सांगायला नको, पारा पंचेचाळिशी गाठतो आणि रात्री घरात भिंती भाजतात. गच्चीवर पाणी मारून आम्ही दोघं शेजारी शेजारी पडलो होतो. दोन रात्री जागून आलेलो, बोलायचंही त्राण नव्हतं. तेवढंच नशीब. बऱ्याच वेळानं अंधारातून तो म्हणाला, ‘पप्पा, तो सिग्नलचा दिवा तुम्हाला एकच दिसतो?’ मी म्हटलं, हो. ‘मला फुटल्यासारखा दिसतो.’ फळ्यावरचं त्याला वर्षभर दिसत नव्हतं. सांगितलं का नाही? तर मी येईल-जाईल त्याला सांगायचो, पोरगा माझ्यासारखा ड्रायव्हर होणार. असिस्टंटच्या भरतीला ए-वन मेडिकल लागतं, चष्म्याशिवाय ६/६, हे त्यानं माझ्याच तोंडून ऐकलेलं. चष्मा लागला तर बापाला काय वाटेल, म्हणून पोरानं मार खाल्ला, पण तोंड उघडलं नाही. आज तो धुळ्याला बियाण्यांचं दुकान चालवतो, जाड काचांचा चष्मा लावून. सकाळी उठल्यावर मी त्याची माफी मागितली होती. जड गेलं, खोटं कशाला सांगू.

तर घरी गेल्यावर आधी तुझं सांग. बुऱ्हाणपूरच्या अलीकडे रुळावर मोर आला होता, रनिंग रूममधली, म्हणजे आपल्या मुक्कामाच्या खोलीतली डाळ कशी पाण्यासारखी होती, काहीही. मग तिच्या हाताला काम दे. शेंगा फोडायच्या, मेथी निवडायची, सायकलच्या चेनला तेल घालायचं. तुझे हातही त्यातच असू देत. आणि विचारायचंच झालं तर लहानसं विचार, ‘आज तुझ्या डब्यातलं कुणी पळवलं?’ ‘शाळेत काय झालं’ हा प्रश्न फार मोठा आहे रे. मलाही कुणी ‘नोकरीत काय झालं’ विचारलं तर मी ‘काही नाही’च म्हणेन.

आणि ती बोलायला लागली की आपला सिग्नल पुकारायचा नियम वापर. लांबच्या सिग्नलला दोन पिवळे दिवे दिसले की मी म्हणायचो ‘डिस्टंट डबल यलो’, तू तेच परत म्हणायचास. त्यात तू सल्ला द्यायचास का? ती म्हणाली, मला खेळायला घेतलं नाही, तर तू एवढंच म्हण, ‘घेतलं नाही होय?’ आणि गप्प बस. लगेच ‘मग तू दुसऱ्यांशी खेळ’ म्हणालास की गाडी तिथेच उभी.

ड्यूटीमुळे आपले धागे तुटतात, ते खरं. त्यासाठी ड्यूटीच्या बॅगेत छोटी वही ठेव. ती जे बोलली, जे विचारलं, ते दोन ओळींत लिहून ठेव, आणि परत आलास की तिथून सुरुवात कर. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात जे ओठांवर यायचं, ते घरातल्या पोरांनी, सोपानदेवांनी उतरवून ठेवलं, म्हणून त्या १९५१ साली गेल्यावर पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं. तिथे पोरानं आईचं लिहून घेतलं, तू लेकीचं घे. मात्र ती वही बायकोशिवाय कुणाला दाखवू नकोस. आणि तिनं सांगितलेलं ओट्यावर चार पाहुण्यांत हसत हसत सांगायची आपल्याकडची खोड आहे ना, ती तर सोडच. एकदा ऐकलं तिनं, की संपलं.

अजून एक. तुझी आई शिंदखेड्याची, पोरगी आजीशी अहिराणी बोलते. ‘माले भ्याव वाटस’ हे तिनं आजीलाच सांगितलं, तुला नाही, असं तूच लिहिलंस. मग तू तिच्याशी शाळेतलं मराठी कशाला बोलतोस? इंजिन बंद पडलं की तुझ्या तोंडून अस्सल अहिराणीच निघायची.

मोबाइलबद्दल विचारलंस. आधी तुझा बाजूला ठेव, तिचा नंतर बघू.

शनिवारी रेस्ट असेल तर तिला घेऊन ये. बामणोदची वांगी आणली आहेत, गच्चीवर कपाशीच्या काड्या रचून ठेवल्या आहेत, भरीत ठेचायची लाकडी बडगी धुऊन उन्हात घातली आहे. भाजलेली वांगी सोलायला तिला माझ्या शेजारी बसव आणि तू खाली जाऊन झोप काढ.

तुझा,
नाना