घसा बरा झाला, मग मान का दुखते?

प्रश्न : भाचा १९ वर्षांचा. घसा आठवडाभर दुखला, उतार पडला आणि एकदम हुडहुडी भरून ताप आला. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. मानेची डावी बाजूही दुखते. संबंध असेल?

असू शकतो. आजच मोठ्या रुग्णालयात न्या. टॉन्सिलजवळचे जंतू खोल उतरून मानेतल्या मोठ्या शिरेपर्यंत पोचतात. तिथे रक्ताची गुठळी होते, तिच्यात जंतू वाढतात आणि तिचे कण सुटून हृदयातून फुफ्फुसात जाऊन अडकतात. हा लेमिएर सिंड्रोम. फ्रान्सच्या आंद्रे लेमिएर यांनी १९३६ साली २० रुग्ण नोंदवले, त्यातले १८ दगावले. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. आजार दुर्मीळ, पण गाठतो बहुधा धडधाकट तरुणांना. ‘कुठे दुखतं?’ विचारलं की असा रुग्ण जबड्याच्या कोपऱ्यापासून खाली कॉलरबोनकडे बोट फिरवतो. छातीच्या फोटोत गुंतलेल्या डॉक्टरांना हे तुम्ही आपणहून सांगा. घसा दुखल्याचंही सांगा. बरा झालेला घसा कोणी विचारत नाही.

प्रश्न : मानेची सोनोग्राफी नॉर्मल आली. तरी सीटी कशाला?

डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी ही सोनोग्राफी, चांगलीच, पण जबड्याआड आणि कॉलरबोनमागे तिला नीट दिसत नाही. ताजी गुठळीही निसटते. म्हणून मान आणि छाती दोन्हींचा काँट्रास्ट सीटी, म्हणजे शिरा उठून दिसण्यासाठी औषध टोचून केलेला. फुफ्फुसाच्या कडेला विखुरलेल्या गाठी, त्यातल्या काही पोकळ, असं चित्र दिसलं की आपल्याकडे आधी टीबी आठवतो. त्यात गैर काही नाही, थुंकी तपासावीच. फक्त टीबी सहसा आठवडे घेतो, हा दुखणेकरी दोन-चार दिवसांत आडवा होतो.

प्रश्न : अझिथ्रोमायसिनचा कोर्स पूर्ण केला, तरी ताप का?

मेडिकलवाल्याकडून आणलेली ती तीन गोळ्यांची स्ट्रिप ना? या आजारात बहुतेकदा सापडणाऱ्या फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम या जंतूवर तिचा भरवसा नसतो. तो ऑक्सिजनविना वाढतो, त्यामुळे ब्लड कल्चरला (रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला) अनएरोबिक, म्हणजे ऑक्सिजनविना असलेली बाटलीही हवी, शक्यतो पहिल्या इंजेक्शनआधी. रिपोर्टला काही दिवस लागतात. औषध मात्र तोवर थांबवत नाहीत. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या) गटातलं इंजेक्शन आणि मेट्रोनिडॅझोल, साधारण तीन ते सहा आठवडे.

प्रश्न : गुठळी आहे म्हणजे रक्त पातळ करणारं औषध लागणारच?

नाही. यावर डॉक्टरांतच एकमत नाही. गुठळी पसरत असेल, मेंदूकडे सरकत असेल तर बरेच जण देतात.