केकच्या टिनाला करपलेले डाग पडलेत, घरातल्याच वस्तूंनी कसे काढू?

आधी सांगा, काढायलाच कशाला हवेत? चिडून विचारत नाहीये. बरं, थोडी चिडूनच.

भांडी बाजारातून घेतलेला आठ इंची अल्युमिनियमचा टिन होता माझ्याकडे. वीसेक वर्षं वापरलेला, कडांना तेलाचा तपकिरी थर, तळ काळपट. केक खालून असा खरपूस व्हायचा की पोरं आधी तळच खरवडून खायची. दोन दिवाळ्यांपूर्वी धाकटी नणंद राहायला आली. दुपारी मी पंचवटीत बारशाला गेले, परत येते तर गॅसवर पातेलं, पातेल्यात धुण्याचा सोडा रटरटतोय आणि त्यात माझा टिन, बारीक बुडबुडे सोडत. "वहिनी, तुम्हाला वेळ मिळत नाही ना, म्हटलं मीच करून टाकते."

तेलाचा थर गेला, खरंय. पण टिन काळाठिक्कर. बोट फिरवलं तर बोट करडं. अल्युमिनियमला सोडा खातो हो! आमचे हे अजून म्हणतात, "स्वच्छ तर झाला ना?" अहो, कशाला स्वच्छ म्हणायचं?

मग मूठभर चिंच घालून पाणी उकळलं, टिन पंधरा मिनिटं त्यात बुडवून ठेवला, काथ्याने घासला. काळं गेलं, लख्ख झाला, पण जागोजागी खड्डे राहिले. (चिंचेतलं टार्टारिक आम्ल आपल्या द्राक्षांतही असतं, पण द्राक्षं भांड्यात घालायची माझी छाती नाही.) आणि लख्ख झालेल्या टिनात केक खालून पांढराफटक! चकचकीत भांडं उष्णता परतवतं, काळपट भांडं ओढून घेतं. हे मी तेव्हाही सांगत होते. ऐकतंय कोण.

आता तुमचं. टिन स्टीलचा किंवा काचेचा असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जाडसर थापा, रात्रभर ठेवा, सकाळी गरम पाणी आणि काथ्या. करपलेलं तेल साध्या साबणाला दाद देत नाही, सोड्याने सैल पडतं. सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढायचा तो निव्वळ तमाशा आहे, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं खारट पाणी. वापरायचंच तर वेगवेगळं वापरा.

अल्युमिनियमवर खायचा सोडाही उकळू नका, उकळला की त्याचा धुण्याचा सोडा व्हायला लागतो. तिथे चिंच किंवा लिंबाची सालं. त्याने काळपटपणा जाईल, तेलाचा जाड थर जाणार नाही. तो राहू द्या.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: नॉनस्टिक असेल तर यातलं घासायचं काहीच करू नका, गरम साबणपाण्यात भिजवून मऊ फडक्याने जेवढं निघेल तेवढंच. टिन कशाचा आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. वजनाला हलका असेल आणि फ्रिजवरचा चुंबक चिकटत नसेल, तर बहुतेक अल्युमिनियमच.

माझ्या टिनाचा तळ आत्ता कुठे पुन्हा तपकिरी व्हायला लागलाय. दिवाळीत तो माळ्यावर जाणार आहे, पिठाच्या डब्यामागे. यांना सांगितलेलं नाही.