फरशी बसायच्या आधी वायरिंगचं काय करून ठेवायचं?

प्रश्न : नमस्कार दादा, पाचगणीला घराचं काम चालू आहे, प्लॅस्टर व्हायचंय अजून. आई गुडघ्यांनी त्रस्त, डिसेंबर-जानेवारीत फरशीवर पाय ठेवायला नको म्हणते, म्हणून तिच्या खोलीत (12 बाय 12) आणि बाथरूममध्ये (6 बाय 8) टाइल्सखाली इलेक्ट्रिक हीटिंग मॅट टाकायचा विचार आहे. वायरमन म्हणतो एक 16 अँपियरचा सॉकेट काढून ठेवतो, बाकीचं मॅट आल्यावर बघू. एवढं पुरेल का? (एक वाचक, पाचगणी)

उत्तर : नाही पुरणार, आणि प्लॅस्टरच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. सॉकेटचं इथे कामच नाही. मॅट म्हणजे जाळीवर चिकटवलेली गरम होणारी केबल, ती पिन लावून चालवायची वस्तू नाही, तिची वायर थर्मोस्टॅटमध्ये (तापमान बघून मॅट चालू-बंद करणारा भिंतीवरचा स्विच) कायमची जोडतात, आणि टाइल्स बसल्यावर खालचं काहीही बदलता येत नाही, म्हणून "नंतर बघू" हे या कामात चालत नाही.

आधी लोड काढा. टाइल्सखालच्या मॅट बहुतेक करून चौरस मीटरला 150 वॉटच्या असतात. मॅट फक्त मोकळ्या जागेत टाकायची, कपाट, बॉक्सचा पलंग, कमोड यांच्याखाली नाही, कारण तिथे उष्णता कोंडून केबल जळते. म्हणजे खोलीत तुम्हाला साधारण 9 चौरस मीटर मिळतील, 1350 वॉट, सहा अँपियरच्या आसपास, आणि बाथरूममध्ये 3 चौरस मीटर, 450 वॉट, दोन अँपियर. दोन्ही मिळून 1800, एका 2000 वॉटच्या गीझरपेक्षा थोडं कमीच. पण सकाळी गीझर, मोटर आणि हे सगळं एकाच वेळी चालणार, तेव्हा वीजबिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते आत्ताच बघा आणि कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

डीबीपासून (घरातला मुख्य स्विचांचा बॉक्स) 2.5 स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन ओढा, 16 अँपियरची एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपियरची वेगळी आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). वेगळी अशासाठी की ओलीमुळे ही लाइन ट्रिप झाली तरी फ्रिज आणि दिवे चालू राहावेत, तुमच्याकडच्या पावसात भिंती किती दिवस ओल धरून असतात ते मी सांगायला नको. ही लाइन इन्व्हर्टरवर अजिबात घेऊ नका.

आता पाइप. प्रत्येक थर्मोस्टॅटच्या बॉक्सपासून खाली फरशीपर्यंत दोन पाइप हवेत, एक मॅटच्या वायरला, दुसरा फ्लोअर सेन्सरला, आणि हा दुसरा मी कुणालाही गाळू देत नाही. सेन्सर म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला छोटासा मणी, त्यावरून थर्मोस्टॅटला फरशी किती तापली ते कळतं. मॅट वर्षानुवर्षं टिकते पण सेन्सर मध्येच जाऊ शकतो, तो पाइपमध्ये असेल तर ओढून नवा सरकवता येतो, थेट सिमेंटमध्ये गाडला तर टाइल्स फोडाव्या लागतात. पाइपचं फरशीतलं टोक बंद करा म्हणजे माल आत शिरणार नाही, भिंतीतून फरशीत वळताना काटकोन नको, मोठा बाक द्या, आणि टोक केबलच्या दोन ओळींच्या बरोबर मध्ये येऊ द्या. मॅटच्या वायरचं मात्र उलटं आहे, साधी वायर जिथे गरम केबलला जोडलेली असते तो जाड जॉइंट पाइपमध्ये ओढायचा नाही, तो टाइल अ‍ॅडेसिव्हमध्येच पुरायचा.

बॉक्स भिंतीत बसवण्याआधी थर्मोस्टॅट विकत घ्या, कारण बऱ्याच थर्मोस्टॅटचं माप आपल्या नेहमीच्या मॉड्युलर बॉक्सशी जुळत नाही आणि मग बसलेल्या टाइल्सशेजारी कटर मारत बसावं लागतं. बाथरूमचा थर्मोस्टॅट बाथरूमच्या बाहेर, चार-साडेचार फुटांवर, आईचा हात सहज पोचेल असा.

अर्थिंगचं मनापासून सांगतो, यात पैसे वाचवू नका. केबलच्या भोवती धातूची जाळी असते ती अर्थला जोडलीच पाहिजे. पाचगणीचा जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून खड्डा नीट करून घ्या आणि कोरड्या दिवसांत अर्थ टेस्टरने मोजून घ्या, बल्ब लावून बघणं म्हणजे तपासणी नव्हे.

मॅट आल्यावर तीनदा मोजायचं : खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर, टाइल्स बसल्यावर. 1350 वॉटच्या मॅटचा रेझिस्टन्स 39 ओहमच्या जवळ यायला हवा, 450 च्या मॅटचा 118 च्या जवळ, नक्की आकडा लेबलवर असतो. शिवाय मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं मीटर) इन्सुलेशनही बघा. गवंड्याची थापी केबलला लागली असेल तर ती दुसऱ्या मोजणीनंतरच लागते, म्हणून टाइल्स चालू असताना मल्टिमीटर जोडून ठेवला तर फारच उत्तम, चूक तिथल्या तिथे सापडते. केबल कधीही कापायची नाही, वळवायला फक्त केबल जिच्यावर चिकटवलेली असते ती मॅटची जाळी कापायची, त्यामुळे मॅट जागेपेक्षा थोडी लहानच घ्या.

आणि व्होल्टेज. 230 च्या जागी 200 मिळालं तर उष्णता पाऊणपट होते, तेव्हा संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर आई झोपायच्या बऱ्याच आधी चालू करा.

प्रश्न : साताऱ्यात फ्लॅट आहे, बाथरूमच्या टाइल्स बदलतोय. मॅट गीझरच्याच लाइनवर घेतली तर? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अँपियरच्या हिशोबात बसेलही, गीझरचे पावणेनऊ आणि मॅटचे दोन-तीन. तरी घेऊ नका. थंडीत दोन्ही रोज एकदमच चालणार आणि जुन्या फ्लॅटमध्ये गीझरची वायर किती जाडीची आहे, जॉइंट कुठे आहेत, हे बहुधा कुणालाच माहीत नसतं. टाइल्स निघाल्याच आहेत तर भिंतीत एक झिरी मारून डीबीपर्यंत नवीन पाइप न्या, आरसीसीबी नसेल तर ती आधी बसवा आणि मगच मॅटची ऑर्डर द्या. काम झाल्यावर लगेच चालू करून बघायचा मोह होतो, तो आवरा, अ‍ॅडेसिव्ह पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे पाकिटावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत, स्विच ऑफच ठेवा.