इंजिनिअरिंग करून वैद्यकीय संशोधन करता येतं का, आणि तेही गोव्यात राहून?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा म्हापशाला बारावीत, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेली. डॉक्टर व्हायचं नाही, पण ‘मेडिकलसाठी काहीतरी शोधायचंय’ म्हणतो. आणि तुम्हाला धास्ती अशी की चार वर्षं इंजिनिअरिंग करून शेवटी एक प्रोजेक्ट होईल, प्रदर्शनात टाळ्या पडतील आणि मशीन कपाटात जाईल. धास्ती खोटी नाही. बहुतेक मशीनं कपाटातच जातात. मी फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, पुढची वीसेक वर्षं इस्पितळांतली उपकरणं दुरुस्त करण्यात गेली, आणि आता अधूनमधून पोरांच्या प्रोजेक्टांना हात लावतो. तशी बरीच कपाटं उघडून बघितली आहेत.

करता येतं का, याचं उत्तर ‘हो’ असं एका शब्दात देता येईल. पण ते काम दिसतं कसं हे कळल्याशिवाय त्या ‘हो’ला अर्थ नाही. म्हणून आधी चोरीसची, म्हणजे आमच्याकडच्या सॉसेजची, गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या चौघांनी पल्स ऑक्सिमीटर बनवला. बोटाला लावायचा तो चिमटा. कोविडनंतर घरोघरी माहीत झालाय, आणि २०२१च्या मे महिन्यात ऑक्सिजनच्या काळजीने कसे दिवस काढले ते गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तीनचारशे रुपयांचं सेन्सर मॉड्यूल, एक छोटा कंट्रोलर, इवलासा स्क्रीन आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेला चिमटा. पोरांच्या बोटावर ९८, माझ्या बोटावर ९७. दुकानातून आणलेल्या मशीनशी आकडे जुळत होते. पोरं खूश, मीही खूश.

प्रदर्शनाला एक निवृत्त सिस्टर आल्या. आयुष्य वॉर्डात गेलेलं, आणि त्या दिवशी येताना बाजार करून आलेल्या. त्यांनी आधी स्वतःचं बोट घातलं, आकडा बघून मान हलवली. मग पिशवीतून माळेचे चोरीस काढले. (गोव्याबाहेरच्यांसाठी: डुकराच्या मांसाची, तिखट आणि व्हिनेगर घालून सुकवलेली सॉसेजं, जपमाळेसारखी ओवलेली.) त्यातला एक मणी चिमट्यात धरला आणि हात थोडा थरथरवला. स्क्रीनवर आकडा आला: ८५. ‘हाका ऑक्सिजन आसा मरे!’ (याला ऑक्सिजन आहे की रे!) म्हणाल्या. आजूबाजूचे हसले. पोरांची तोंडं मात्र उतरली.

पण मला खटकलं ते वेगळंच. ८५च का? त्यांनी पुन्हा हलवलं, पुन्हा ८४, ८६. असं काय आहे त्या आकड्यात?

हे यंत्र चालतं असं. दोन दिवे असतात, एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त पितं, ऑक्सिजन असलेलं इन्फ्रारेड जास्त पितं. आता बोटात कातडी, हाड, शिरा असं सगळंच प्रकाश खातं. पण ठोक्यागणिक कमीजास्त होतं ते फक्त धमनीतलं रक्त. म्हणून यंत्र स्थिर भाग बाजूला ठेवतं आणि ठोक्याबरोबर हलणारा भाग तेवढा घेतं. दोन्ही रंगांत हा हलणारा भाग किती, त्याचं गुणोत्तर काढतं. या गुणोत्तराला आर म्हणतात. पोरांनी वापरलेलं सूत्र होतं ११० वजा २५ गुणिले आर. इंटरनेटवर सगळीकडे हेच मिळतं.

चोरीस हलवलं की दोन्ही रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात कमीजास्त होतो. म्हणजे आर येतो जवळजवळ १. आणि ११० वजा २५ म्हणजे ८५. यंत्राने चूक केलीच नव्हती. हलतंय म्हणजे ठोका आहे, आणि ठोका आहे म्हणजे रक्त आहे, एवढंच त्याला शिकवलं होतं.

सिस्टरना हे समजावून सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, ‘ते मला ठाऊक नाही. पण हुडहुडी भरलेल्या पेशंटला आमचं जुनं मशीनसुद्धा पंच्याऐंशीच्या आसपास दाखवायचं. आम्ही हात धरून ठेवायचो, मग आकडा वर जायचा.’ मी इतकी वर्षं ती यंत्रं खोलत होतो, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर मी कधी विचारलंच नव्हतं. हललेल्या बोटातून खरा ठोका वेगळा काढायचा कसा, यावर १९९०च्या दशकात इंजिनिअरांनी मोठं काम केलं आणि चांगल्या मशीनांत आज ते असतं. पण त्या कामाची सुरुवात कुठून झाली असेल? अशाच कुणीतरी पेशंटचा हात धरून ठेवल्यावरून.

मूळ शोधसुद्धा असाच लागला. ताकुओ आओयागी हे जपानचे विद्युत अभियंता, निहोन कोहदेन कंपनीत होते. त्यांना ऑक्सिजन मोजायचाच नव्हता. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते शिरेत रंग टोचून कानाच्या पाळीवर मोजायचं होतं, आणि नाडीचे ठोके त्यात लुडबुड करत होते. ती लुडबुड घालवायला त्यांनी दोन रंगांचा प्रकाश वापरून एकातून दुसरा वजा करायचा बेत केला. जमलं, पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की वजाबाकी बिघडे. हा बिघाडच मोजता येईल हे त्यांच्या लक्षात आलं. १९७४ साली त्यांनी ते जाहीर केलं. एप्रिल २०२०मध्ये ते वारले, आणि तेव्हा सगळं जग त्यांचा चिमटा बोटाला लावून बसलं होतं.

आता तुमच्या मुलासाठी खरा मुद्दा. ते ११० आणि २५ आले कुठून? ते कुठल्या नियमातून काढलेले नाहीत. निरोगी स्वयंसेवक झोपवतात, त्यांना ऑक्सिजन कमी असलेली हवा देतात, रक्तातला ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, आणि दर टप्प्याला धमनीतून रक्त काढून प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजतात. एका बाजूला आर, दुसऱ्या बाजूला खरं मोजमाप, आणि त्यावरून रेघ. ७०च्या खाली कुणाला नेणं धोक्याचं, म्हणून तिथून पुढचे आकडे हे रेघ लांबवून केलेले अंदाज. म्हणजे तुमच्या बोटावरचा आकडा हा खरं तर दुसऱ्या कुणाच्या तरी रक्तावरून काढलेला आकडा असतो.

मग प्रश्न येतो, कुणाच्या? डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८पेक्षा कमी ऑक्सिजन होता, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळलं आणि गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश खातं, आणि रेघ ओढताना काळ्या कातडीची माणसं फार थोडी घेतलेली. अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०१३च्या मार्गदर्शक नियमांत किमान १० स्वयंसेवक सांगितले होते, आणि त्यात गडद कातडीचे किमान २ किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. दोन माणसं!

सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत उन्हात राबणाऱ्या बाईचं बोट घ्या. किंवा बेतूलच्या किनाऱ्यावरच्या रांपणकार कोळ्याचं, जाळं ओढून कातडं घट्ट झालेलं. त्यांच्या बोटावरचा ९४ हा किती खरा? हे शोधायला नवीन यंत्र लागत नाही. अतिदक्षता विभागात रक्तातला वायू तपासायला धमनीचं रक्त एरवीही काढतात. त्याच मिनिटाला चिमट्यावर आकडा किती होता आणि कातडीचा रंग मोजपट्टीवर कुठला, एवढं नीट लिहून ठेवायचं. पेशंटला जादा सुई नाही. एक डॉक्टर, एक सिस्टर, एक इंजिनिअर, आणि चिकाटीची दोन वर्षं. माझ्या मते विसाव्या वर्षी करण्याजोगं हे पक्कं संशोधन आहे, ‘एआयवर चालणारं स्मार्ट’ अमुकतमुक बनवण्यापेक्षा कितीतरी पक्कं.

संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी लागेल, अगदी नुसती निरीक्षणं लिहायची असली तरी. आमचा एक अर्ज एका समितीने दोनदा परत केला होता. पहिल्यांदा मला राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तर त्यांचंच बरोबर होतं: पेशंटला द्यायचं संमतिपत्र आम्ही इंग्रजीत केलं होतं.

चाचणीला वेळ किती लागतो, याचंही एक उदाहरण द्यायला हवं, म्हणजे मुलगा निराश व्हायचा तर आधीच होऊन घेईल. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयशल्यविशारद एम. एस. वलियाथन आणि तिथल्या इंजिनिअरांनी देशी हृदयझडप बनवली. एका नमुन्यात चकती होती सॅफायरची, म्हणजे नीलमण्याच्या जातीच्या स्फटिकाची, इतकी कठीण की झिजेची काळजी नको. ती मेंढीच्या हृदयात फुटली. शेवटी चकती केली ती प्लास्टिकची, अतिशय घट्ट जातीच्या पॉलिएथिलीनची. हृदय मिनिटाला ७२ ठोके धरले तरी वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा झडप उघडमीट करते. अशा कित्येक वर्षांच्या उघडमिटी आधी प्रयोगशाळेत मोजून घ्याव्या लागतात. नमुन्यामागून नमुने बाद झाले आणि डिसेंबर १९९०मध्ये पहिल्या माणसाला झडप बसली. आज ती लाखाहून जास्त लोकांच्या छातीत गेली आहे. बाद झालेल्या नमुन्यांचं सर्टिफिकेट कुणाला मिळत नाही, पण काम तेच होतं.

गोव्यात वाव आहे का? प्रयोगशाळांचा थाट म्हणाल तर मुंबई-बंगळुरूशी बरोबरी नाही. पण इथे अंतरं लहान आहेत, आणि या कामात त्याची किंमत फार. फर्मागुडीहून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जाऊन परत चहाच्या वेळेला घरी येता येतं. हृदयविकारासाठी २०१८च्या अखेरीस इथे सुरू झालेली योजना बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ईसीजी काढायचा, तो दूर बसलेल्या तज्ज्ञाने वाचायचा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि मग पेशंटला बांबोळीला हलवायचं. ईसीजी शंभर वर्षांहून जुना आहे आणि इंटरनेटही काही नवा नाही. जोडणी नवी, आणि वाचतात ती मिनिटं.

आणि गोव्याचे म्हणून स्वतंत्र त्रास आहेतच. पावसाळ्यात मायक्रोस्कोपच्या भिंगावर बुरशी धरते. मलेरियाची स्लाइड वाचणारा टेक्निशियन बिचारा धुक्यातून बघतो. आम्ही कपाटात १५ वॅटचा बल्ब रात्रंदिवस लावून ठेवायचो, परदेशी कंपनीच्या माहितीपुस्तकात हा उपाय सापडायचा नाही. किनाऱ्यालगतच्या केंद्रांत खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, आणि कधीकधी डॉक्टर ज्याला पेशंटचा दोष समजतात तो त्या पिनांचा असतो. या विषयावर कुणी चार वर्षं घालवली तर मी त्याच्या पाया पडेन.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात. पहिली पदवी इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, बायोमेडिकल, कुठलीही चालते. पाया पक्का हवा. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२०पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे. मद्रास आयआयटी, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एमटेक चालवतात, त्यात इस्पितळात राहून काम करावं लागतं. मला विचाराल तर तेच सगळ्यात चांगलं. मुंबई आयआयटीत २०१४पासून वैद्यकीय उपकरणांसाठी बेटिक हे केंद्र आहे, तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकाच टेबलाशी बसतात. जीवशास्त्र घेतलंय ते सोडू देऊ नका, बारावीनंतर ते परत हाती लागत नाही.

आणि सुट्टीत त्याला कोचिंगला पाठवण्याऐवजी ओळखीच्या एखाद्या इस्पितळात महिनाभर उपकरण दुरुस्तीवाल्याच्या मागे फिरू द्या. पैसे मिळणार नाहीत, स्क्रू मोजायला लावतील. फिरता फिरता सिस्टरशी बोलायला सांगा.

आमच्याकडे त्या प्रदर्शनापासून नव्या सेन्सरची पहिली परीक्षा चोरीसवर होते. यंदाच्या बॅचमध्ये शुद्ध शाकाहारी घरातला एक पोरगा आहे, तो हात लावायला तयार नाही. त्याने गाजर आणलं. हलवल्यावर आकडा आला ८५.