आजोबांचं गाव 'कोल्हापूरकडं सांगाव' एवढंच माहीत आहे. एकटीनं पाठीवर सॅक घेऊन यायचं तर तयारी काय करावी?

तुमचा जन्म इंग्लंडचा, मराठी वाचता येतं पण बोलताना अडखळता, आजोबा १९४०च्या दशकात बाहेर पडले, आणि हाताशी तीन आठवडे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. जरूर या. पण तिकिटाआधी गाव पक्कं करा.

नुसतं 'सांगाव' पुरत नाही. कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी दोन वेगळी गावं आहेत. आपल्याकडं हे सगळीकडंच आहे: शिरोली पुलाची वेगळी, शिरोली दुमाला वेगळी, हसूर खुर्द, हसूर बुद्रुक, हसूर दुमाला, हसूरचंपू ही चार गावं. म्हणून पुढचा-मागचा शब्द आणि तालुका मिळेपर्यंत घरातले जुने कागद चाळा. त्यावर 'कोल्हापूर संस्थान' किंवा 'करवीर' लिहिलेलं असेल तर गोंधळू नका, संस्थान १ मार्च १९४९ला विलीन झालं. 'जिल्हा बेळगाव' असेल तरी कोल्हापूर सोडू नका. चंदगड तालुका १९५६पर्यंत बेळगावातच होता.

घरच्यांना विचारायच्या गोष्टी: आजोबांचं वडिलांसकट पूर्ण नाव, पणजोबांच्या भावांची नावं, गल्लीचं नाव, देवक, आणि आजीचं माहेर. माहेर फार महत्त्वाचं. गावात म्हातारी माणसं ओळख काढतात ती पाहुण्यांवरून: 'अमक्या गावची दिलेली पोरगी, म्हणजे तमक्याच्या घरातली.' 'आपला देव जोतिबा' यावर मात्र फार विसंबू नका, निम्म्या जिल्ह्याचा तोच देव आहे. आडनाव पाटील असेल तर त्यावरूनही काही कळत नाही, पाटील गावोगावी आहेत.

मुक्काम कोल्हापुरात ठेवा, मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास. रेल्वे स्टेशनही तिथून जवळ आहे. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा आला की लॉजला त्याची सरकारी नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. लहान लॉजवाले ही कटकट नको म्हणून दारातूनच परत पाठवतात, तेव्हा फोन करून 'परदेशी पासपोर्ट चालतो का' हे आधी विचारा. मोठी सॅक लॉजवर ठेवायची, गावात फक्त छोटी पिशवी: पाणी, वही, कागदांच्या झेरॉक्स, सुट्टे पैसे. तालुक्याच्या काही एसट्या कोल्हापुरातल्याच रंकाळा आणि संभाजीनगर स्थानकांतून सुटतात, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारा. परतीची शेवटची गाडीही तेव्हाच विचारून घ्या. आडवळणाच्या गावाला संध्याकाळी जाते ती मुक्कामी गाडी. ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे सुटते. तिच्यानं गेलात तर त्या दिवशी परत येता येत नाही. शोध चंदगडकडं वळला तर गडहिंग्लजला राहा, कोल्हापूरहून रोज ये-जा परवडणार नाही.

आता मुख्य गोष्ट. गावात पाय ठेवल्याठेवल्या सातबाऱ्याबद्दल बोलू नका. परदेशातून भावकीतली कुणी आली आणि गट नंबर विचारू लागली, की समोरच्याच्या मनात पहिला विचार येतो तो वाटणीचा. ज्यानं ती जमीन सत्तर वर्षं कसली, त्याला भीती वाटणारच. मग तोंडं बंद होतात, 'म्हाताऱ्याला काय आठवत नाही' म्हणून तुम्हाला वाटेला लावतात. सकाळी ग्रामपंचायत उघडली की तिथं जा, नाहीतर पोलीस पाटलांना भेटा. आजोबांचं नाव सांगा, फोटो दाखवा, आणि 'फक्त घर आणि माणसं बघायला आलेय' हे वाक्य पहिल्या दोन मिनिटांत बोला. फोटो मोबाइलवर नको, कागदावर मोठा छापून आणा. ऐंशीच्या आजीला काचेवरचा चेहरा दिसत नाही. कागद ती हातात घेते, उन्हाकडं धरते, शेजारणीला हाक मारते. तिथून पुढं गल्लीच शोध लावते.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. कुणी 'एवढी सही करा' म्हणून कागद पुढं केला तर तो हक्कसोडपत्राचा असू शकतो. चहा घ्या, सही वकिलाला विचारल्याशिवाय नको.

कागदोपत्री पुरावा हवा असेल तर आधी प्राथमिक शाळा. जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, जन्मतारीख आणि जात सापडते. जन्मतारखा बऱ्याचदा मास्तरांनी अंदाजानं घातलेल्या असतात, दोन-तीन वर्षं इकडंतिकडं धरूनच शोधा. मग तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष: तिथं 'गाव नमुना १४', म्हणजे कोतवाल बुक, मागा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. अर्जाला कोर्ट फी स्टँप लागतो, आणि नक्कल त्याच दिवशी मिळेल असं धरू नका, म्हणून हा अर्ज पहिल्या आठवड्यातच टाका. जुनी पानं मोडी लिपीत असतात. फोटो काढू दिला तर कडांसकट पूर्ण पान घ्या, नुसती ओळ कापून घेतली तर मोडी वाचणाऱ्याला संदर्भ लागत नाही.

हेळव्याची चौकशी मात्र अजिबात चुकवू नका. हेळवी हे परंपरेनं वंशावळ सांगणारे लोक, पूर्वी बैलावरून यायचे. ठरलेल्या घराण्यांच्या पिढ्या त्यांच्या चोपडीत असतात, मूळ कुठून आलो हेही. 'आपल्या घराण्याचा हेळवी कोण, मागं कधी येऊन गेला?' असं भावकीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा. कुणाकडं तरी त्याचा मोबाइल नंबर असतो.

दिवस निवडताना जून ते सप्टेंबर टाळा. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी त्या पातळीला गेलं की गावाकडचे रस्ते एकेक बंद होतात. २०१९ आणि २०२१ला तर शिरोलीजवळ महामार्गच बुडाला होता. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा आणि नवरात्रात अंबाबाईची गर्दी, तेव्हा खोली मिळणं कठीण. डिसेंबर-जानेवारी उत्तम. ऊसतोड चालू असते, माणसं दिवसा रानात असतात, म्हणून सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला गाठा. गावची जत्रा त्या दिवसांत येत असेल तर मुंबई-पुण्याची भावकीही घरी येते आणि सगळे एका ठिकाणी भेटतात. पण त्या दिवशी बसून बोलायला कुणालाच सवड नसते, म्हणून आदल्या दिवशी पोचा आणि दुसऱ्या दिवशीही थांबा.