उपास आहे, पण खिचडी खाल्ली

(वाचकांचे प्रश्न. उत्तर देणाऱ्या ताई मूळच्या मिरजेच्या असून अमेरिकेत नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट म्हणून, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी नर्स म्हणून काम करतात.)

प्रश्न : ताई, बारावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. पुण्यात बी.एस्सी. नर्सिंग केलं, ५९ टक्के मिळाले. आता न्यू जर्सीत चार वर्षं हार्ट आयसीयूत आहे, ग्रीन कार्ड आहे. मला नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट व्हायचंय. एका कॉलेजच्या माहिती सत्राला गेले, तर भरलेल्या हॉलमध्ये माझ्यासारखी एकही दिसली नाही. युनिटमधल्या एका सीनियरने सांगितलं, ‘तुझे उच्चार आणि तुझे मार्क, दोन्ही आडवे येतील.’ मुलगी सहा वर्षांची आहे. प्रयत्न करावा का? आणि या क्षेत्रात ओळखीचं कुणी नसताना सुरुवात कुणापासून करू?

उत्तर : आधी एका आजींची गोष्ट सांगते, मग तुझ्या मार्कांकडे वळू.

पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, सकाळची दुसरी केस. आजी सत्तरीच्या, मुलाकडे आलेल्या. फॉर्मवर लिहिलेलं होतं, रात्रीपासून पोट रिकामं. फोनवरच्या हिंदी दुभाष्याने विचारलं होतं, ‘उपवास है?’ आजी म्हणाल्या होत्या, ‘हो, आहे ना.’ मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्या मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या. काढायला तयार नव्हत्या. मी मराठीत बोलले, तशी मूठ सैल झाली. सहज विचारलं, ‘आजी, कसला उपास?’ ‘अगं, संकष्टी.’ माझ्या पोटात धस्स झालं. ‘मग उपासाचं काय घेतलंत?’ ‘फार नाही. वाटीभर साबुदाण्याची खिचडी अन् घोटभर चहा.’

तूप, शेंगदाण्याचं कूट, दुधाचा चहा, आणि जेमतेम अडीच तास झालेले. साधं पाणी दोन तासांत पुढे सरकतं. हलक्या खाण्याला सहा तास लागतात, तुपातेलाच्या खाण्याला त्याहून जास्त. अशा पोटावर भूल दिली असती आणि खिचडी उलटून फुफ्फुसात गेली असती तर काय झालं असतं, हे तुला आयसीयूत काम करताना वेगळं सांगायला नको. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी केलं. मंगळसूत्र त्यांनी स्वतः काढून सुनेच्या हातात दिलं.

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांचा उपास होताच. तो प्रश्न कसा विचारायचा हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. वेगवेगळ्या घरांतून, भाषांतून आलेली माणसं या कामात हवीत असं मी म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती वाटी असते. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : प्रयत्न कर.

हॉलमध्ये आपल्यासारखं कुणी नसलं की पाय मागे येतो, हे मी अनुभवलंय. अमेरिकेत या पेशात आजही बहुसंख्य गोरे आहेत. पण त्यात वाट काढणारी माणसं पूर्वीपासून आहेत. गोल्डी ब्रँगमन हे नाव लिहून ठेव. २० सप्टेंबर १९५८ रोजी हार्लेममध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या छातीत एका बाईने कागद कापायची सुरी खुपसली. हार्लेम हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा श्वासाची पिशवी हाताने दाबत होत्या त्या ब्रँगमनबाई. पाच महिन्यांच्या आत किंग भारतात आले, मुंबईच्या मणिभवनात राहिले. आपण त्या भेटीचे फोटो पाहतो, पण तो श्वास चालू ठेवणाऱ्या नर्सचं नाव आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. पुढे १९७३ मध्ये नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष झाल्या. हार्लेमच्या भूलशाळेत त्यांनी किती मुलींना तयार केलं असेल! २०२० साली गेल्या, १०२ वर्षांच्या होत्या.

आता ओळखीचं. मला दोनदा नकार आला. एका मुलाखतीत विचारलं गेलं, ‘पेशंटना तुमचं बोलणं कळेल का?’ मी गप्प बसले, त्याची बोच अजून आहे. त्यानंतर आमच्या हॉस्पिटलमधल्या एका कृष्णवर्णीय नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टला मी चिठ्ठी लिहिली : ‘एक दिवस तुमच्यामागे उभी राहू का?’ सहा वाजता ये, म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला मास्क धरायला शिकवलं. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. हाडावरच, खालच्या मऊ भागावर नाही, नाहीतर श्वासाची वाट आपणच दाबतो. ‘मास्क चेहऱ्यावर दाबू नकोस, चेहरा मास्ककडे उचलून आण,’ असं त्या म्हणाल्या. दोन वर्षं त्यांनी माझे निबंध तपासले, लटक्या मुलाखती घेतल्या, एकदा चक्क रागावल्या.

तर सुरुवात तिथूनच. तुझ्या हॉस्पिटलमध्ये भूल देणाऱ्या नर्सेस असतीलच. एकीला चार ओळी लिही आणि फक्त एक दिवस माग. शिफारसपत्र पहिल्याच भेटीत मागू नकोस. शिवाय वॉलिना गूल्ड या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टबाईंनी अल्पसंख्य समाजांतल्या नर्सेससाठी ‘डायव्हर्सिटी इन नर्स अ‍ॅनेस्थेशिया मेंटॉरशिप प्रोग्रॅम’ उभा केला आहे. तिथे माहिती सत्रं होतात, पुतळ्यांवर श्वासनलिकेत नळी घालण्याचा सराव होतो, आणि मुख्य म्हणजे शिकत असलेली मुलं-मुली भेटतात. त्या हॉलमध्ये तुला एकटं वाटणार नाही.

मार्कांचं सांगते. आपल्याकडे नर्सिंगला ५९ टक्के म्हणजे काय, हे इथल्या प्रवेश समितीला कळत नाही. त्यांना ते नापास वाटतात. म्हणून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मागव आणि इथल्या ग्रेडींत विषयवार मूल्यांकन करून घे. नाशिकच्या कागदांना वेळ लागतो, आजच अर्ज टाक. जोडीला इथल्या कम्युनिटी कॉलेजात रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र हे दोन विषय नव्याने घे आणि चांगली ग्रेड मिळव. जुन्या मार्कांना तेच उत्तर. सीसीआरएन, म्हणजे आयसीयूतल्या नर्सेसच्या प्रमाणपत्राची परीक्षाही दे.

उच्चारांपेक्षा मला काळजी वेगळी वाटते. आपण मुलाखतीत ‘आम्ही केलं’ म्हणतो. ‘पेशंटचं प्रेशर पडलं, मग आम्ही नॉरएपिनेफ्रिन वाढवलं.’ कोणी वाढवलं? आधी कुणाच्या लक्षात आलं? ‘मी’ म्हण. घरी त्याला आगाऊपणा म्हणतात हे माहीत आहे, पण समोरच्यांना जाणून घ्यायचं असतं की रात्री तीन वाजता तू एकटी काय ठरवतेस. सावकाश बोल, वाक्य पूर्ण कर. उच्चार लपवायला जाऊ नकोस.

आणि घर. आयसीयूचं किमान एक वर्ष लागतं, ते तुझं झालंय. माझ्या वेळी मास्टर्स पुरे होतं. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या सगळ्यांना डॉक्टरेट करावी लागते, म्हणजे तीन वर्षं. किमान ६०० केसेस आणि २००० तास प्रत्यक्ष काम. या काळात नोकरी जवळपास अशक्य. फी लाखभर डॉलरच्या पुढे सहज जाते, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. म्हणून नवऱ्याबरोबर बसून तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांड. मुलीला शाळेतून कोण आणणार, हेही त्याच कागदावर. सासूबाई किंवा आई सहा-सहा महिने येऊ शकतील का, हे आधीच विचार. मी संकोचाने उशिरा विचारलं आणि पहिलं वर्ष फार हाल झाले.

अर्जाचा निबंध लिहिलास की संपादकांकरवी मला पाठव. मी लाल पेनने तपासते.

दुसऱ्या वाचकांचा प्रश्न : माझी मुलगी सांगलीत जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) शेवटच्या वर्षाला आहे. तिलाही हेच करायचंय. भारतात होतं का?

उत्तर : नाही. आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात, एम.डी. किंवा डी.ए. झालेले. अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम आहे, पण ते काम मदतनिसाचं, आणि नर्सिंगहून वेगळं. अमेरिकेत भूल देणारी नर्स व्हायला जीएनएम पुरत नाही, त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागेल. मग एनसीएलईएक्स (तिथल्या नर्सिंग परवान्याची) परीक्षा आणि व्हिसा. तिथे भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे. आयसीयूचा अनुभवही अमेरिकेतलाच धरतात, सांगली-मिरजेतला नाही. वाट लांबची आहे, हे तिला आत्ताच कळू द्या.

पण तुम्ही तिच्यासाठी लिहिलंत, पुढचं पत्र तिला लिहू द्या. आयसीयूत तिला कुठलं काम आवडतं आणि कशाची भीती वाटते, एवढं दोन पानांत कळवू दे. मराठीतच.