वाचकांचे प्रश्न : ओढताच उघडणाऱ्या चाकूचे म्यान

प्रश्न : हडपसरजवळ माझी गुलाबांची छोटी रोपवाटिका आहे. डोळा भरताना, म्हणजे कलमासाठी एका गुलाबाचा डोळा (कळी) दुसऱ्याच्या सालीत बसवताना, डावा हात फांदीत अडकलेला असतो आणि उजव्या हाताने घडीचा चाकू उघडताना दर वेळी खोळंबा होतो. चाकूच्या मापाचेच घडवलेले, कमरेच्या पट्ट्याला लावायचे आणि चाकू ओढला की पाते आपोआप उघडणारे प्लॅस्टिकचे म्यान मी एका व्हिडिओत पाहिले. असे म्यान घरी करता येईल का? माझ्या चाकूचे पाते सुमारे तीन इंच असून त्याच्या बुडाशी अंगठ्याने ढकलायची खुंटी आहे.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : करता येते. पण या म्यानात स्प्रिंग नसते, बटण नसते, ‘आपोआप’ असे काहीच नसते, हे आधी लक्षात घ्यावे. पाते उघडते ते आपल्याच हाताच्या ओढीने; म्यान फक्त पात्यावरची खुंटी अडवून धरते आणि मूठ पुढे सरकते, एवढाच हा खेळ आहे. अर्नेस्ट इमर्सन या अमेरिकी चाकूकाराने पात्याच्या पाठीवर आकडीसारखा उंचवटा ठेवला. खिशातून चाकू ओढताना तो खिशाच्या काठाला अडकतो आणि पाते उघडते. ही रचना ‘वेव्ह’ या नावाने प्रसिद्ध झाली. ज्यांच्या पात्याला गोल भोक असते, ते हौशी लोक त्या भोकात केबल टाय आवळून तसाच अडसर तयार करतात. आपण पाहिलेल्या म्यानात खिशाच्या काठाचे काम प्लॅस्टिकची कड करते.

मिटलेला चाकू म्यानात उभा असतो : पाते ज्या खिळीवर फिरते ती खीळ तळाशी आणि मुठीचे मोकळे टोक वर. पात्याची पाठ ज्या बाजूने मुठीबाहेर डोकावते, ती म्यानाची बाजू वरपासून खालपर्यंत उघडी ठेवावी लागते, कारण पाते त्याच बाजूने बाहेर फिरणार असते. आता मोजमाप घ्यावे. समजा, खिळीच्या मध्यापासून खुंटी २० मिमी अंतरावर आहे आणि खिळीतून जाणाऱ्या उभ्या रेषेपासून ती उघड्या बाजूला १२ मिमी सरकलेली आहे. म्हणजे ती खिळीच्या १६ मिमी वर आहे. खुंटीच्या डोक्यावर आडवी कड टेकवून मूठ १६ मिमी वर ओढली, की पाते सुमारे ५३ अंश फिरते आणि खुंटी कडेखालून बाहेरच्या दिशेने ८ मिमी घसरते. मूठ एकूण ३२ मिमी वर आली, की पाते सुमारे १०६ अंश फिरलेले असते. उरलेले अंतर ओढीच्या वेगाने आणि मनगटाच्या हलक्या झटक्याने पार पडते. यावरून कडेची रुंदी ठरते : या उदाहरणात ती ८ मिमीहून थोडी जास्त हवी, नाहीतर खुंटी अर्ध्यातच सुटेल आणि पाते अर्धवट उघडे राहील. पूर्ण उघडे किंवा पूर्ण मिटलेले पाते चालते. अर्धवट उघडेच बोटे कापते. म्हणून शीट कापण्याआधी आपल्या चाकूची ही दोन अंतरे पट्टीने मोजून कागदावर त्रिकोण काढावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

साहित्याविषयी. अशा म्यानांसाठी कायडेक्स हे ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचे, तापवल्यावर मऊ होणारे प्लॅस्टिक वापरतात. तीन इंची पात्याला २ मिमी जाडीची शीट योग्य ठरते. ती सहसा ऑनलाइन मागवावी लागते. सराव मात्र बांधकामावरून उरलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर करावा. ११० मिमी व्यासाचा पाइप उभा चिरून, तापवून सपाट केला तर जवळजवळ ३४ सेंमी रुंदीची शीट हाती येते, तीही फुकटात. सी-क्लँप (आवळून धरायचा शिकंजा), बारीक कानशी, आयलेट (दोन शीट जोडणारी, भोकात बसवायची धातूची कडी) वगैरे किरकोळ वस्तू रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका फेरीत मिळतील, आणि आयलेट बसवण्याचे हातयंत्र नसेल तर बॅगा दुरुस्त करणारा कारागीर ते काम दोन मिनिटांत करून देतो.

कायडेक्स साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घडवण्याजोगे मऊ होते. पीव्हीसी पाइपला याहून बराच कमी ताप पुरतो. शीट ओल्या चामड्यासारखी लोंबू लागली, की ती तयार झाली असे समजावे. पृष्ठभाग चकाकू लागला किंवा बुडबुडे आले तर ती जास्त तापली आहे. दोन्ही पदार्थांत पीव्हीसी असल्यामुळे करपल्यावर हायड्रोजन क्लोराइड हा घसा आणि डोळे जाळणारा वायू सुटतो, म्हणून हे काम गच्चीवर किंवा उघड्या व्हरांड्यात हीट गनने करावे. ज्या ओटीजीमध्ये घरातला केक भाजला जातो, त्यात तर मुळीच करू नये. चाकूवर कागदी टेपचे दोन पदर चिकटवावेत, म्हणजे म्यानात तेवढी सैल जागा राहते आणि मुठीला चरे पडत नाहीत. मऊ झालेल्या दोन शीटच्या मध्ये मिटलेला चाकू ठेवावा, वर-खाली जुन्या योगा मॅटचे जाड तुकडे आणि त्यांबाहेर प्लायवूडच्या दोन फळ्या घेऊन क्लँपने आवळावे, आणि पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे किमान दहा मिनिटे, हात लावू नये. घाईने क्लँप सोडला तर शीट परत उसळते. आयलेट मुठीच्या बंद बाजूला आणि खिळीच्या खाली बसवावेत. उघड्या बाजूला एकही नको.

इथवर कोणत्याही म्यानाची कृती झाली. आपल्या म्यानाची खरी मेख पुढे आहे. दाबून घडवलेल्या शीटवर खुंटीचा उठाव उमटतो आणि तोच अडसर म्हणून पुरेल असे वाटते. माझ्या पहिल्या प्रयत्नात मीही तसेच समजलो होतो. पण फोमच्या दाबाने उमटलेल्या त्या उठावाचे खांदे गोलसर असतात. ओढ बसली की खुंटी त्या उतारावरून चढते, शीटच फाकते आणि चाकू मिटलेलाच हातात येतो. म्हणून कड साच्यातून मिळवू नये, कापून काढावी. खुंटी जिथे टेकते ती उंची पेन्सिलने आखून, तिच्या खाली शीटमध्ये खाच पाडावी आणि खाचेची वरची कड चपट्या कानशीने काटकोनात आणावी. त्याच कडेची वरची, आतली बाजू मात्र उतरती घासावी. चाकू वरून परत घालताना खुंटी त्या उतारावरून शीटला किंचित फाकवत खाली जाते आणि ‘टक्’ असा आवाज होऊन कडेखाली बसते. एका बाजूने उतार आणि दुसऱ्या बाजूने काटकोन ही दाराच्या लॅचच्या जिभेचीच रचना आहे. एका वेळी कानशीचे चार-पाच हातच मारावेत. जास्त घासलेले प्लॅस्टिक परत येत नाही.

पहिल्या पन्नास ओढी तरी धारेवर कागदी टेपचा एक पदर लावूनच घ्याव्यात. बोटे मुठीच्या दोन्ही अंगांवर राहू द्यावीत, पाते जिथून बाहेर पडते त्या फटीवर बोटांची टोके वळवू नयेत. म्यान पट्ट्यावर घट्ट बसले नसेल तर चाकूऐवजी म्यानच वर येते. म्यानाला पट्ट्यावर धरून ठेवणारा पकडपट्टा त्यामुळे सैल नसावा. चाकूला पाते उघडल्यावर अडकवून ठेवणारा खटका असलाच पाहिजे. नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडा राहणारा चाकू या कामाला घेऊ नये. आणि चाकू म्यानात परत घालण्यापूर्वी दोन्ही हातांनी पूर्ण मिटवावा, त्याला पर्याय नाही. हे वाचून आपण विचाराल, की मग वेळ तो काय वाचला? खरे सांगायचे तर डोळा भरण्यासाठी मला स्वतःला न मिटणारा, छोट्या स्थिर पात्याचा चाकू आणि साधे म्यानच सोयीचे वाटते. पण घडीचा चाकू हाताला बसलेला असेल, तर वरील म्यान आपला खोळंबा नक्की कमी करील.

प्रश्न : असे म्यान चामड्याचे होईल का? कोल्हापुरी चपलेचे चामडे माझ्याकडे पडून आहे.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : चामडे आपण योग्य तेच निवडले आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे कोमट पाण्यात भिजवून वस्तूभोवती दाबले आणि सावलीत सावकाश वाळवले तर तो आकार धरून ठेवते. क्रोमने कमावलेले मऊ चामडे धरत नाही. अडचण कडेची आहे. चामड्याची कड खुंटीच्या घासण्याने महिन्याभरात गोल होते आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्याआधीच मऊ पडते. त्यामुळे कडेच्या जागी पितळेची दीड मिमी जाडीची पट्टी रिव्हेटने बसवावी. अशा चामड्यात ओलावा राहिला तर पितळेवर हिरवट थर येतो आणि कार्बन पोलादाच्या पात्याला गंज चढतो, तेव्हा जून ते सप्टेंबर चाकू रात्री म्यानाबाहेर, पात्याला तेलाचा हात देऊन ठेवावा.

प्रश्न : असा चाकू कमरेला लावून शहरात फिरणे कायद्यात बसते का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : शस्त्र कायदा, १९५९ खालील नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची धारदार शस्त्रे येतात आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. तीन इंची बागकामाचा चाकू या मापात येत नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्या आदेशांत चाकू बाळगण्यालाही बंदी असते; पुण्यात सणासुदीला आणि निवडणुकांच्या काळात असे आदेश नित्याचे आहेत. रोपे पोहोचवायला दिल्लीपर्यंत जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून असावी : तिथे बटणाने, स्प्रिंगने किंवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या, ७.६२ सेंमी वा अधिक लांब आणि १.७२ सेंमी वा अधिक रुंद पात्याच्या चाकूंवर स्वतंत्र अधिसूचना आहे, आणि तीन इंच म्हणजे बरोबर ७.६२ सेंमी. एका ओढीत उघडणारा चाकू नाक्यावरच्या हवालदाराला डोळे भरण्याचे अवजार म्हणून पटवून देणे अवघड असते. तो रोपवाटिकेच्या खोलीत खुंटीला टांगून मगच लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला यावे.